चोरांना ऐकू जायला हवं

आमच्या घरमालक काकांनी चोरांचा जितका विचार केला होता, तितका पुण्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. पोलिसांनी नाही आणि खुद्द चोरांनीही नाही. चोर म्हणजे सरसकट सगळे चोर नव्हेत. घरफोडी करणारे, पाकीट मारणारे, मोबाइल हिसकावणारे यांच्याबद्दल काकांना काहीच वाटत नसे. फ्लॅटचं दार नुसतं लोटून ते भाजी आणायला निघून जायचे. "घरात न्यायला आहे काय? तू आणि मी. नेलं तरी दुसऱ्या दिवशी परत आणून सोडतील," असं म्हणायचे. त्यांचे चोर म्हणजे उभ्या गाडीची चाकं काढून नेणारे चोर. तेवढ्यांचा मात्र ते उठल्यापासून झोपेपर्यंत विचार करायचे, आणि मला वाटतं, त्यांच्यावर त्यांचा थोडा जीवही होता.

मी भंडाऱ्याकडून पुण्याला शिकायला आलो. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलतात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे खोली कशी शोधतात हे सांगणारं कुणी नव्हतं. दोन-तीन ठिकाणी मला आधी आडनाव विचारलं, मग "कळवतो" म्हणाले, आणि कुणी कळवलं नाही. खडकीतल्या या जुन्या तीन मजली इमारतीत आलो तेव्हा काकांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "नट कुठल्या बाजूला फिरवला की ढिला होतो?" मी घाबरून हवेत एकदा इकडे आणि एकदा तिकडे हात फिरवून दाखवला. काकांनी समाधानाने मान हलवली. "राहा. तुझ्यापासून धोका नाही."

खोलीत खाट होती, पंखा होता, आणि टेबलाच्या जागी गाडीची स्टेपनी. ती गाडीच्या डिकीत सुरक्षित नाही म्हणून वर आणून ठेवलेली. काकांनी तिच्यावर एक फळी टाकून दिली. बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकं आणि पाण्याची बाटली, सगळं मी त्या चाकावर मांडलं. सुरुवातीला रात्रभर रबराचा वास यायचा. पुढे घरची आठवण आली की नेमका तोच वास जाणवायचा; दोन्ही गोष्टी मला अजून वेगळ्या करता येत नाहीत.

काकांची नोकरी लष्कराच्या कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. तयार माल ठीक आहे असं दुसऱ्यांनी सांगितल्यावर तो ठीक नाही असं समजून बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी एक छोटी निळी गाडी घेतली. काकूंना फिरायची हौस होती. गाडी आली, गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक निघालं, आणि थोड्याच दिवसांत काकू आजारी पडल्या. फिरणं राहिलं. काकू गेल्यावर गाडी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि काका वर पहिल्या मजल्यावर एकटे.

मुलगा बंगळुरूला. स्वभावाने चांगला, पण काळजी करताना त्याचा आवाज चढायचा. दर रविवारी फोनवर त्याचं एकच म्हणणं: गाडी विका आणि इकडे या. शेवटी बापलेकांमध्ये एक तह झाला. गाडी ठेवायची, पुण्यात राहायचं. पण गाडी शहराबाहेर न्यायची नाही, कारण काकांना डाव्या डोळ्याने कमी दिसतं. आणि गाडीवरून एक जरी भानगड झाली, अपघात म्हणा की चोरी म्हणा, तर गाडी विकून काका बंगळुरूला. काका एकदा तिथे राहून आले होते. "इतक्या वरच्या मजल्यावर घर आहे, की खाली कुणाची गाडी उभी आहे तेसुद्धा दिसत नाही," ते मला म्हणाले होते. "माणसाने दिवसभर बघायचं काय? ढग?"

म्हणून चाकं. चाकं जागेवर होती तोवर काका खडकीत होते.

त्यातच शेजारच्या गल्लीत एका डॉक्टरांची नवी कोरी गाडी सकाळी विटांवर उभी सापडली. चारही चाकं गेलेली. काका तिथे लगेच गेले. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, जसं कुणाकडे भेटायला जातात तसे. मलाही नेलं. डॉक्टर बिचारे फोनवर ओरडत होते. काका खाली बसून विटा न्याहाळत होते. "लेव्हल बघितलीस?" ते हळूच म्हणाले. "गाडी कुठे कलली नाही. माणूस जाणकार आहे. आमच्याकडे असता तर बढती मिळाली असती."

त्या दिवसापासून बंदोबस्त सुरू झाला. आधी लॉक नट आले. प्रत्येक चाकाला एक असा नट, जो नेहमीच्या पान्याने उघडतच नाही. त्याची खास किल्ली लागते. ती किल्ली काकांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आंघोळीलाही काढत नसत. मग त्यांनी गाडी भिंतीला इतकी चिकटून लावायला सुरुवात केली, की चोराचा हात तिकडच्या नटांपर्यंत पोहोचू नये. पण त्यामुळे काकांनाही चालवणाऱ्याच्या दाराने उतरता येईना. ते शेजारच्या सीटवर सरकत, गिअरवरून एक पाय उचलत, "आई गं" म्हणत दुसऱ्या बाजूने बाहेर यायचे आणि वर मला म्हणायचे, "बघ, मलाच इतका त्रास होतो. चोराचं काय होईल!"

सगळ्यात गाजली ती साखळी. खडकी बाजारातून काकांनी गुरांची साखळी आणली, पुढच्या दोन्ही चाकांतून ओवली, आणि दुकानात बरोबरच मिळत होती म्हणून तिला घंटाही बांधली. चाकाला हात लागला की घंटा वाजणार. हात कुणाचा लागला नाही. मांजरं मात्र साखळीशी खेळायला लागली. दिवसभर पार्किंगमधून गोठ्यासारखा आवाज. सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन वर आले.

"काका, खाली गाडी बांधलीय की म्हैस?"

"म्हैस असती तर दूध तरी दिलं असतं," काका म्हणाले. "तुमच्या नोटिशीवर चहा होतो का?"

घंटा निघाली. तिच्या जागी भिंतीवर काकांच्या सुबक अक्षरातली पाटी आली: "या चाकांची किल्ली मालकाच्या गळ्यात आहे. मालक पहिल्या मजल्यावर आहेत. त्यांना झोप कमी आहे." येणारेजाणारे तिचे फोटो काढायचे. पाठीमागच्या इमारतीत राहणाऱ्या आयटीतल्या मुली तर गाडीजवळ उभ्या राहून सेल्फी घ्यायच्या. काका वरून बघायचे आणि खूश व्हायचे. "वर्दळ चांगली. वर्दळ असली की चोर लाजतो."

पण काकांचा खरा शोध याच्या पुढचा होता. एकदा गाडी पुसताना ते म्हणाले, "चोर चाक बघत नाही रे. गाडीला माणूस आहे का, ते बघतो. काचेवर धूळ साठली, टायरखाली पाला साचला, की तो ओळखतो, हिचं कुणी नाही." म्हणून ते गाडी रोज वीतभर पुढे-मागे करायचे. आणि मग त्यांनी ते संध्याकाळचं बोलणं सुरू केलं.

मी मेसमधून जेवून आलो की काका पार्किंगमध्ये थांबलेले असायचे. मला ते नावाने हाक मारत नसत, "कॉलेज" म्हणायचे.

"काय कॉलेज! उद्या पहाटे वाईला निघायचंय, लक्षात आहे ना?"

पहिल्या दिवशी मी चक्रावलो. म्हणालो, "हो काका."

ते जवळ येऊन कुजबुजले, "मोठ्याने. चोर काय तुझ्या मांडीवर बसलाय? त्यांना ऐकू जायला हवं."

"हो काका!"

"हवा भरलीस?"

"भरली काका!"

"परत कधी यायचं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा!"

पुन्हा कुजबूज. "असं नाही सांगायचं. चोर म्हणेल, चार दिवस मोकळे मिळाले. संध्याकाळी परत!"

"संध्याकाळी परत, काका!"

गंमत अशी, की गाडी घरी नसणार असं सांगितल्याने चाकं सुरक्षित कशी राहतात, हे मला आधी कळेना. ते काकांनी समजावलं: चोराला गाडी कधी जाते आणि कधी येते याचा अंदाज लागता कामा नये. वाई, भोर, सासवड, महाबळेश्वर, अलिबाग. रोज नवीन गाव. एकदा मी विचारलं, ही गावं कशी सुचतात? ते टायरवरची माती नखाने काढत म्हणाले, "सुचतात कुठली! सगळी हिची. ती म्हणायची, मी ऐकायचो."

मला हे लिहायला थोडा संकोच वाटतो, पण त्या दिवसांत दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं. वर्गात सुरुवातीला मी एकदा "करून राहिलो" म्हणालो होतो, तेव्हा मागच्या बाकावरून हसू आलं. कुणी वाईट नव्हतं. पण त्यानंतर मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तीनदा तपासायचो, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. पार्किंगमध्ये तसं नव्हतं. तिथे चूक चालायची, फक्त आवाज मोठा हवा. आई फोनवर विचारायची, "जेवला काय बाबू? पुन्यात बोलतं काय कोनी तुझ्यासंग?"

"बोलतात ना. घरमालक काका बोलतात."

"काय म्हनते?"

"उद्या वाईला जायचं म्हणतात."

"मंग जाय ना! कायले घरात बसून राह्यतं?"

आईला खरं काय ते सांगायला जमलं नाही. कुठून सुरुवात करणार?

खरंखुरं आम्ही एकदाच निघालो, तेही मांजरीपर्यंत. मांजरी म्हणजे काकूंचं माहेर. "मांजरी आता पुण्यातच धरतात," काकांनी तहातली पळवाट मला दोनदा ऐकवली. सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते, इतक्या जपून ते गाडी चालवत होते. पोहोचल्यावर मात्र ते गाडीपासून हलले नाहीत. अनोळखी जागी चाकं सोडून जायचं कसं? एक पाय टायरवर ठेवून त्यांनी टपरीवरचा चहा घेतला आणि मला पुढे पाठवलं. "त्या वळणापलीकडे उसाचं शेत आणि कौलारू घर आहे का, बघून ये." मी गेलो. तिथे उंच इमारती होत्या आणि त्यांच्या कुंपणाबाहेर उसाचा एक लहानसा पट्टा उरला होता. परत येऊन काय सांगावं हे ठरवत मी हळूहळू चाललो. काकांनी विचारलं, "ऊस आहे?"

"आहे काका."

"मग झालं," ते म्हणाले, आणि गिअरवरून पाय टाकत आपल्या जागेवर सरकले. घराबद्दल त्यांनी विचारलं नाही.

आता या सगळ्यात एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. पार्किंगला लागून तळमजल्यावर राहणाऱ्या शेजारच्या एका काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. चोरांनी आमचं बोलणं कधी ऐकलं की नाही, देव जाणे. पण त्या काकूंनी रोज ऐकलं. आणि त्यांना ते सगळं खरं वाटलं. वाटणारच, आम्ही चांगलं बोलायचो. एकदा तर त्या म्हणाल्या होत्या, "अहो भाऊ, उद्या वाईला चाललाय तर माझ्या बहिणीला लोणचं पोहोचवाल का?" तेव्हा काका गडबडले आणि म्हणाले, "उद्याचं रद्द झालं. क्लच जड लागतोय." त्यातून तरी आम्ही शहाणे व्हायला हवं होतं.

दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला काकांच्या मुलाने खालच्या काकूंना फोन केला, तेव्हा त्यांनी अगदी कौतुकाने सांगितलं, "तुमच्या बाबांचा उत्साह काय वर्णावा! काल महाबळेश्वर, आज अलिबाग. आमच्या ह्यांना कोपऱ्यावरून दही आणायचं जिवावर येतं."

मुलगा त्याच शनिवारी आला. बूटसुद्धा न काढता हॉलमध्ये उभा राहिला.

"बाबा, डोळ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलंय? आणि तुम्ही घाटात गाडी घालता?"

काका खुर्चीत बसून होते. हात गळ्यातल्या किल्लीवर. मी दारात उभा होतो. मला वाटलं, खरं सांगितलं की सगळं मिटेल. मी म्हणालो, "दादा, तसं नाही. ते चोरांना—"

"कॉलेज, गप बस," काका म्हणाले. मग मुलाकडे बघून शांतपणे म्हणाले, "हो, जातो. महाबळेश्वरला जाऊन आलो. रस्ता चांगला केलाय आता."

मुलगा माझ्याकडे वळला. "तू होतास बरोबर? खरंच गेले होते?"

काका माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत ओरडा नव्हता, विनंती होती. आणि माझ्या तोंडून सवयीने, पार्किंगमध्ये निघायचं तसं, मोठ्याने निघालं, "हो!"

मुलगा खाली बसला.

नंतर स्वयंपाकघरात चहा गाळताना काका मला म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाप रोज संध्याकाळी खाली जाऊन न दिसणाऱ्या चोरांशी बोलतो. त्याने आज गाडीचं गिऱ्हाईक नाही, डोक्याचा डॉक्टर शोधला असता. त्यापेक्षा महाबळेश्वरला गेलेला बाप बरा." मग कप माझ्या हातात देत म्हणाले, "आणि हिला नेऊन आलो, असंही झालं."

तह मोडला होता, म्हणून काका बंगळुरूला जायला तयार झाले, पण एका अटीवर. माझं शिक्षण होईपर्यंत मी इथेच राहायचं आणि गाडी इथेच, चाकांसकट उभी राहायची. मुलाने लगेच मान्य केलं. त्याचा आवाज त्या दिवशी पुन्हा चढला नाही. उलट निघताना बापाच्या चपलांचा पट्टा तोच खाली वाकून लावत होता. विमानतळावर न्यायला आलेल्या टॅक्सीचे नट काकांनी अंगठ्याने दाबून बघितले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "लॉक नट लावून घे बाबा. शहर मोठं आहे." मला त्यांनी गाडीची किल्ली दिली. गळ्यातली काढायला हात वर नेला, आणि तसाच खाली आणला. "ही राहू दे. सवय झालीय."

पहिल्या संध्याकाळी मी खाली गेलो. गाडी पुसली, न्यूट्रलला टाकून ढकलत वीतभर मागे घेतली. पण बोलणं जमेना. एकट्याने मोठ्याने बोलायला वेगळीच हिंमत लागते. खिडकीतून खालच्या काकूंनी विचारलं, "माझ्यामुळे गेले का रे?" मी त्यांना सगळं सांगितलं, चोरांचं, वाईचं, सगळं. त्या ओले हात पदराला पुसत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगायचं ना आधी. मीही दोन वाक्यं बोलले असते."

थोड्या दिवसांनी, नेमक्या त्याच वेळी, फोन वाजला. "कॉलेज, पार्किंगमध्ये आहेस? स्पीकरवर टाक. पुढच्या चाकाजवळ धर." आणि बंगळुरूहून तो आवाज आमच्या भिंतीवर आदळला, "उद्या भोरला निघायचंय ना?" तेव्हापासून रोज फोन येतो. कधी मुलाच्या घरी पाहुणे असले की काका गॅलरीत जाऊन बोलतात, वाऱ्यामुळे निम्मी गावं कळत नाहीत. तरी मी हो म्हणतो. या वर्षी कॉलेजात मला सेमिनार द्यायचा होता. उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य इतक्या मोठ्याने बोललो, की सर दचकले. पण मग बोलत गेलो.

मागच्या आठवड्यात गाडीचं डावं मागचं टायर बसलं. मेकॅनिकने पाहिलं आणि सांगितलं, जुनं ट्यूबचं टायर आहे, चाक काढल्याशिवाय पंक्चर निघणार नाही. लॉक नटपाशी त्याचा पाना फिरेना. "छिन्नीने तोडू का?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो. संध्याकाळी काकांना सांगितलं.

"म्हणजे नट चांगला आहे," काका आधी म्हणाले. मग म्हणाले, "किल्ली कुरिअरने पाठवू का?"

मी त्या बसलेल्या चाकाकडे पाहिलं. गाडी एका बाजूला थोडी कलली होती, कुणाची तरी वाट बघत भिंतीला टेकावं तशी. वाक्य मनात तपासत बसलो नाही.

"नको काका. कुरिअरमध्ये हरवेल. तुम्हीच घेऊन या."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. त्या उंचीवर खूप वारा असतो म्हणे.

"स्पीकर चालू आहे ना?" काकांनी विचारलं.

"आहे काका."

त्यांनी घसा खाकरला. "मग ऐक! उद्या पहाटे निघतो मी! पुण्याला!"

"हो काका! मी तयार आहे!"

खिडकीतला भांड्यांचा आवाज थांबला. आणि मग तिथून, पार्किंगभर घुमेल इतक्या मोठ्याने, खालच्या काकू म्हणाल्या, "सावकाश या हो, भाऊ! आम्ही जागे आहोत!"